पाहिलेले मोजायचे कसे? : प्राणिवर्तनाच्या अभ्यासाविषयी वाचकांचे प्रश्न

प्राण्यांच्या वर्तनाचे निरीक्षण कसे करावे, याविषयी मागील अंकात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. वह्या भरल्या आहेत, चित्रफिती साठल्या आहेत, पण त्यांतून निष्कर्ष कसा काढायचा, हा बहुतेकांचा प्रश्न आहे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरांतील आकडेमोडीसाठी जी उदाहरणे घेतली आहेत, ती समजावण्यापुरती कल्पिलेली आहेत. जेथे प्रत्यक्ष संशोधनाचा उल्लेख आहे तेथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : गेले दहा महिने मी साळुंक्यांच्या एका थव्याचे रोज निरीक्षण करतो आणि जे जे दिसेल ते तारीख-वेळेसह वहीत लिहितो. आता सहाशे नोंदी झाल्या आहेत व त्यांतील दोनशे भांडणांच्या आहेत. साळुंक्या एकतृतीयांश वेळ भांडण्यात घालवतात, असे म्हणता येईल का?

उत्तर : तसे म्हणता येणार नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या वहीवरून एवढेच कळते, की आपण लिहिलेल्या नोंदींपैकी एकतृतीयांश नोंदी भांडणांच्या आहेत. साळुंकी भांडते तेव्हा कर्कश ओरडते, पंख फडफडवते, प्रतिस्पर्ध्याला पायांत धरून जमिनीवर लोळते. पानांच्या आड पिसे साफ करत बसलेली साळुंकी मात्र अर्धा तास तेथेच असूनही डोळ्यांत भरत नाही. नजर आवाजाकडे आणि हालचालीकडे ओढली जाते, हात जे दिसले ते लिहितो, आणि वहीत भांडणांची संख्या वाढत जाते. मी स्वतः माकडांच्या एका टोळीच्या नोंदी पहिल्या वर्षी अशाच घेतल्या होत्या. दोन थोराड नरांवर पानेच्या पाने भरली होती, आणि तीन माद्यांच्या संपूर्ण हंगामातील नोंदी मिळून दोन पाने होत नव्हत्या. त्या वहीवरून टोळीचा दिनक्रम काढता आला नाही आणि सगळे काम पुन्हा करावे लागले.

अशा नोंदींना ‘ॲड लिबिटम’, म्हणजे मनाला येईल तशा घेतलेल्या नोंदी म्हणतात. केनियातील अंबोसेली येथे बबून माकडांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली एका लेखात निरीक्षणाच्या प्रचलित पद्धतींची बारकाईने छाननी करून, कोणत्या पद्धतीच्या नोंदींवरून कोणता प्रश्न सोडवता येतो आणि कोणता येत नाही, हे दाखवून दिले. आजही वर्तनाचा अभ्यास शिकवताना सुरुवात त्या लेखापासून होते. त्यातील मूळ विचार सोपा आहे : कोणाकडे पाहायचे आणि केव्हा लिहायचे, हे दोन्ही निर्णय प्राण्याने काही केल्यावर नव्हे, तर निरीक्षणाला बसण्यापूर्वी घ्यायचे.

कोणाकडे पाहायचे, याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात एक प्राणी निवडायचा आणि ठरलेला काळ, समजा दहा मिनिटे, शेजारी कितीही गोंधळ झाला तरी त्याच्यावरून नजर हटवायची नाही. याला ‘फोकल’ पद्धत म्हणतात. कोणत्या दिवशी कोणता प्राणी, हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवावे, नाहीतर जो समोर येईल तोच रोज निवडला जातो. दुसऱ्यात ठरावीक अंतराने थव्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवायची आणि प्रत्येक पक्षी त्या क्षणी काय करत आहे तेवढेच लिहायचे. ही ‘स्कॅन’ पद्धत. तिसऱ्यात संपूर्ण गटावर लक्ष ठेवून एखादे ठळक पण विरळ वर्तन, उदाहरणार्थ समागम किंवा मारामारी, जितक्या वेळा घडेल तितक्या वेळा टिपायचे. या तिसऱ्या मार्गाने ताशी किती भांडणे झाली हे कळते, पण वेळेची वाटणी कळत नाही. आपला प्रश्न वेळेच्या वाटणीचा असल्यामुळे आपल्याला स्कॅन किंवा फोकल पद्धतच वापरावी लागेल.

केव्हा लिहायचे, याबाबत एक धोका आवर्जून सांगतो. काही जण मिनिटाचे टप्पे पाडतात आणि त्या मिनिटात वर्तन एकदा जरी घडले तरी खूण करतात. एखादे माकड दर मिनिटाला फक्त तीन सेकंद अंग खाजवत असेल, तर त्याने वेळेचा ५ टक्के भाग खाजवण्यात घालवला. परंतु या पद्धतीत प्रत्येक मिनिटापुढे खूण पडते आणि उत्तर १०० टक्के येते. त्याऐवजी दर मिनिटाच्या ठोक्याला, नेमक्या त्या क्षणी प्राणी काय करत होता तेवढे लिहिले (हीच क्षणनोंद), तर पुरेशा नोंदींनंतर उत्तर ५ टक्क्यांच्या जवळ येते. प्राणी नजरेआड असेल तर ‘दिसत नाही’ असे स्पष्ट लिहावे. ती जागा कोरी सोडली, तर सहा महिन्यांनी ती कोरी जागा म्हणजे ‘काही केले नाही’ की ‘मी पाहिले नाही’, हे कोणालाही सांगता येत नाही.

शिस्तीने घेतलेल्या अशा साध्या नोंदींतून किती खोल गोष्ट हाती येऊ शकते, याचे एक उदाहरण देतो. भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या कागदी घरटे बांधणाऱ्या गांधीलमाशीचा अभ्यास केला. या जातीत राणी आणि कामकरी माश्या दिसायला सारख्याच असतात. प्रत्येक माशी स्वतंत्र ओळखता येईल अशी सोय करून, कोणती माशी कोणत्या कामात किती वेळ घालवते, हे त्यांनी मोजले आणि १९८३ साली प्रसिद्ध केले. त्या वेळापत्रकांच्या विश्लेषणातून माश्यांचे तीन गट उघड झाले : बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या. अंडी घालणारी राणी भांडणाऱ्यांत असेल असे कोणालाही वाटेल. ती होती बसणाऱ्यांत. मनाला येईल तशा नोंदी घेतल्या असत्या, तर नुसती बसून राहणारी माशी वहीत कितीदा आली असती?

आपली दहा महिन्यांची मेहनत मात्र वाया गेलेली नाही. थव्यात कोणकोणती वर्तने घडतात याची यादी अशाच वहीतून तयार होते, आणि त्या यादीशिवाय पुढील पाऊल टाकता येत नाही.

प्रश्न : मांजरांच्या निरीक्षणासाठी आम्ही तक्ता केला आहे. त्यात ‘राग’, ‘मत्सर’, ‘लाड’, ‘कंटाळा’ आणि ‘खेळ’ असे रकाने आहेत. आमच्या शिक्षिकांनी तो परत केला. यात काय चुकले?

उत्तर : रकान्यांत आपण वर्तनाऐवजी त्याचा अर्थ लिहिला आहे. मांजराला मत्सर वाटत नाही असा दावा मी करत नाही; पण तो वाटतो की नाही हा तुमच्या अभ्यासाचा निष्कर्ष असू शकतो, नोंद असू शकत नाही. कान मागे वळून डोक्याला चिकटले आहेत, पाठ कमानीसारखी उचलली आहे, शेपटीवरचे केस फुलले आहेत आणि मांजर फिस्कारत आहे, हे सारे दिसते आणि ऐकू येते. ‘राग’ दिसत नाही. तेव्हा प्रत्येक वर्तनाला तटस्थ नाव द्यावे आणि त्यापुढे व्याख्या लिहावी : शरीराचा कोणता भाग, कोणत्या स्थितीत, किती अंतरावर, कोठे सुरू झाले म्हणायचे आणि कोठे संपले म्हणायचे. अशा यादीला ‘एथोग्राम’ किंवा वर्तनसूची म्हणतात. ती पक्की झाली की नाही हे पाहण्याची सोपी कसोटी अशी : ज्याने तुमची मांजरे कधीच पाहिलेली नाहीत अशा व्यक्तीला केवळ सूची आणि दहा मिनिटांची चित्रफीत द्यावी, आणि तिच्या खुणा तुमच्या खुणांशी जुळतात का ते पाहावे. ‘खेळ’ या रकान्यापाशी हमखास अडखळायला होते, हे आताच सांगून ठेवतो.

आणखी एक भेद तक्त्यातच दाखवावा. झोपणे, चालणे, चाटणे ही काही काळ टिकणारी वर्तने आहेत. ती मिनिटांत मोजतात. फिस्कारणे, पंजा मारणे ही क्षणिक आहेत. ती ताशी किती वेळा, अशी मोजतात. दोन्हींची एकत्र बेरीज करू नये.

‘मांजर असे का करते?’ हा प्रश्नही तक्ता करण्यापूर्वी उलगडून घ्यावा. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ निको टिंबर्गन यांनी १९६३ साली दाखवल्याप्रमाणे या एका ‘का’मध्ये चार वेगळे प्रश्न दडलेले असतात : हे वर्तन आत्ता कशामुळे सुरू झाले, वाढीच्या काळात ते कसे घडत गेले, त्याचा जगण्याला व प्रजननाला कोणता उपयोग होतो, आणि उत्क्रांतीच्या ओघात ते कोठून आले. पिलांची वाढ पाहायची असेल तर महिनोन्‌महिने तीच पिले पाहावी लागतील. तात्कालिक कारण शोधायचे असेल तर आदल्या अर्ध्या मिनिटात काय घडले याचा रकाना लागेल. एकाच तक्त्यात चारही प्रश्नांची उत्तरे मावत नाहीत.

प्रश्न : मी पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. सहा माकडांच्या २४० नोंदी मी घेतल्या आणि २४० ही नमुन्याची संख्या धरून चाचणी लावली. पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना केवळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) फारच छोटे आले. परीक्षक म्हणाले, ‘तुझी संख्या २४० नाही, सहा आहे.’ सहा महिन्यांच्या कामाची किंमत सहा आकडे एवढीच का?

उत्तर : तुमची निराशा मला समजते, परंतु परीक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. हा मुद्दा एका उदाहरणाने पाहू.

समजा, माकडे किती वेळ दुसऱ्याच्या उवा वेचतात हे मोजायचे आहे. ‘अ’ हे माकड धीट आहे, उघड्यावर बसते, म्हणून २४० पैकी १४० नोंदी त्याच्याच झाल्या. त्यांतील ७० नोंदींत ते उवा वेचत होते, म्हणजे ५० टक्के. उरलेल्या पाच माकडांच्या प्रत्येकी २० नोंदी, आणि प्रत्येकी दोनच नोंदींत उवा वेचणे, म्हणजे १० टक्के. सगळ्या नोंदी एकत्र ओतल्या तर २४० पैकी ८०, म्हणजे ३३ टक्के उत्तर येते. आधी प्रत्येक माकडाची टक्केवारी काढून मग सहांची सरासरी घेतली, तर ती येते सुमारे १७ टक्के. उत्तर थेट निम्म्यावर आले. आणि सहांपैकी पाच माकडे तर १० टक्क्यांवरच आहेत, त्यामुळे ही १७ टक्क्यांची सरासरीही एकट्या ‘अ’ने वर ओढलेली आहे. एकत्र ओतलेल्या आकड्याने टोळीचे वर्णन केले नाही; त्याने ‘अ’चे वर्णन टोळीच्या नावावर केले.

संख्याशास्त्रीय चाचण्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरतात. एकाच माकडाच्या नोंदी तशा नसतात. जे माकड काल शांत होते ते बहुधा आजही शांत असते, आणि दुपारी दोनला बसलेले माकड दोन वाजून एक मिनिटानेही बहुधा बसलेलेच असते. अशा नोंदी सुट्या धरल्या की चाचणीला आपल्याकडे आहे त्याहून कितीतरी अधिक माहिती असल्याचा भास होतो आणि पी-मूल्य खोटे लहान येते. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिस्थितिकीच्या प्रयोगांतील या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव दिले. आपण तिला आभासी पुनरावृत्ती म्हणू. पुढच्याच वर्षी मॅक्लिस, डॉड आणि फेंट्रेस यांनी वर्तनाच्या अभ्यासात अनेक प्राण्यांच्या नोंदी एकत्र ओतण्यातून उद्भवणाऱ्या याच दोषाकडे लक्ष वेधले.

ही चूक नोंदींपुरतीच राहत नाही. पक्ष्यांना ध्वनिमुद्रित गाणे ऐकवून प्रतिसाद पाहण्याच्या प्रयोगांत ती वेगळ्या रूपात येते, आणि डोनाल्ड क्रूड्समा यांनी १९८९ साली ती उघड केली. शेजाऱ्याचे गाणे आणि परक्याचे गाणे यांतला फरक पक्ष्यांना कळतो का, हे पाहण्यासाठी वीस पक्ष्यांना परक्याचे म्हणून एकच मुद्रण ऐकवले, तर ऐकणारे पक्षी वीस असले तरी ‘परक्यां’चा नमुना एकच राहतो. प्रतिसाद परकेपणाला होता, की त्या एका मुद्रणातल्या खरखरीला, हे सांगण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून ज्या गोष्टीविषयी निष्कर्ष काढायचा, तिचेच नमुने वाढवावे लागतात.

आता सहा आकड्यांनी काय साधते ते पाहा. समजा, प्रश्न असा आहे, की सकाळी उवा वेचण्याचे प्रमाण दुपारपेक्षा जास्त असते का. प्रत्येक माकडाची सकाळची व दुपारची टक्केवारी काढा आणि जोडीजोडीने तुलना करा. वेळेचा काहीच परिणाम नसेल, तर प्रत्येक माकड सकाळी वर असण्याची शक्यता नाणेफेकीइतकीच आहे. सहाच्या सहा माकडे एकाच बाजूला झुकण्याची शक्यता, दोन्ही बाजू धरून, ६४ मध्ये २, म्हणजे सुमारे ०.०३ आहे. सहांपैकी पाच झुकली, तर ती ०.२२ वर जाते आणि खात्रीने काही म्हणता येत नाही. पाचच माकडे असती, तर पाचच्या पाच झुकूनही शक्यता ०.०६ राहिली असती, म्हणजे ०.०५ या रूढ मर्यादेच्या खाली कधीच जाता आले नसते. काम सुरू करण्यापूर्वी एवढा हिशोब कागदावर केला, तर किती प्राणी लागतील हे त्याच दिवशी कळते. फरकाचा आकारही हाती असेल, तर विल्कॉक्सनची जोड-चाचणी वापरावी. ती केवळ दिशा न पाहता फरकांचा क्रमही विचारात घेते.

तुमच्या २४० नोंदी फुकट गेलेल्या नाहीत. प्रत्येक माकडाची टक्केवारी किती विश्वसनीय आहे, हे त्या नोंदींवर ठरते. वीस नोंदींवरून काढलेले १० टक्के आणि दोनशे नोंदींवरून काढलेले १० टक्के सारखे नव्हेत. सर्व नोंदी वापरून विश्लेषण करायचे असेल, तर ‘मिक्स्ड मॉडेल’ वापरावे आणि त्यात प्राण्याची ओळख ‘रँडम इफेक्ट’ म्हणून घालावी, म्हणजे एकाच प्राण्याच्या नोंदी एका गठ्ठ्यातल्या आहेत हे गणिताला कळते. उवा वेचत होते की नव्हते, अशी दोनच उत्तरे असतील तर बायनॉमियल आणि किती वेळा घडले याची मोजणी असेल तर प्वासाँ किंवा निगेटिव्ह बायनॉमियल वितरण घ्यावे. टक्केवारी आणि मोजणी यांना घंटाकृती वितरणात कोंबू नये. परंतु अवघे सहा प्राणी असताना प्राण्या-प्राण्यांतील फरकाचा अंदाज डळमळीतच राहतो. म्हणून मी सांगेन, की प्रबंधात मॉडेलच्या आधी एक साधी आकृती द्यावी : सहा माकडांच्या सहा रेषा, डावे टोक सकाळ, उजवे टोक दुपार. वाचकाला त्यातून जे दिसेल ते कोणत्याही पी-मूल्यापेक्षा अधिक असेल. आणि निष्कर्ष लिहिताना ‘या टोळीत’ हे दोन शब्द गाळू नयेत.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र कोंबड्यांच्या वर्तनाच्या चित्रफिती पाहून नोंदी करतो. आमच्या नोंदी ९० टक्के जुळतात. आणखी काही तपासण्याची गरज आहे का?

उत्तर : दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली ही, की ९० टक्के जुळणी योगायोगाने कितपत होऊ शकते. समजा, १०० क्षणांपैकी ८६ क्षणी तुम्ही दोघांनीही ‘बसली आहे’ लिहिले, ४ क्षणी दोघांनीही ‘टोचते आहे’ लिहिले, आणि १० क्षणी मतभेद झाला, त्यांतील पाच एका बाजूचे व पाच दुसऱ्या. जुळणी ९० टक्के. पण कोंबडी बहुतेक वेळ बसलेलीच असेल, तर डोळे मिटून ‘बसली आहे’ लिहिणाऱ्याचेही बरेच जुळेल. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचवलेला ‘कप्पा’ हा अंक हा योगायोगाचा भाग वजा करतो. वरील उदाहरणात योगायोगाने जुळण्याचे प्रमाण सुमारे ८४ टक्के निघते आणि कप्पा येतो ०.३९, जो मुळीच समाधानकारक नाही. ‘टोचते आहे’ असे निदान एकाने म्हटलेल्या १४ क्षणांपैकी फक्त ४ क्षणी तुमचे एकमत होते, हे पाहिले की कारण लक्षात येते. अभ्यास टोचण्याचा असेल, तर व्याख्या पुन्हा लिहावी लागेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोणती चित्रफीत कोणत्या गटाची, हे तुम्हा दोघांनाही ठाऊक असेल, तर तुम्ही दोघे मिळून एकाच दिशेने चुकू शकता आणि कप्पा तरीही उत्तम येऊ शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देत असे. ओस्टेन लबाडी करत नव्हते. त्यांचा घोड्यावर खरोखर विश्वास होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासणी केली तेव्हा आढळले, की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तरच हान्सला उत्तर येते. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते, आणि घोडा ते पाहून थांबतो. हान्सच्या गोष्टीत माणसाने प्राण्याला इशारा दिला. १९६३ मध्ये रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही उंदीर हुशार वंशाचे व काही मठ्ठ वंशाचे म्हणून दिले होते. प्रत्यक्षात दोन्ही गटांत फरक नव्हता, तरी ‘हुशार’ उंदरांचे आकडे सरस आले. पुढे २०१४ मध्ये फ्रँक टुइटेन्स व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की चित्रफितीतील प्राण्यांविषयी खोटी माहिती सांगितली, तर प्रशिक्षण घेतलेले निरीक्षकही त्या माहितीकडे झुकणारे गुण देतात. चित्रफितीतल्या कोंबडीला तुम्ही इशारा देऊ शकत नाही. तेथे तुमची अपेक्षा थेट तुमच्या खुणेत उतरते.

उपाय अगदी सोपा आणि विनाखर्च आहे. अभ्यासाशी संबंध नसलेल्या तिसऱ्या व्यक्तीने सर्व फितींची नावे बदलून त्यांना अनुक्रमाशिवाय आकडे द्यावेत, कोणता आकडा कोणत्या गटाचा याची यादी स्वतःजवळ ठेवावी, आणि सर्व नोंदी पूर्ण झाल्यावरच ती उघडावी. फितीत पिंजऱ्यावरची चिठ्ठी दिसत असेल तर तीही झाकावी. दहांपैकी एक फीत दुसऱ्या नावाने पुन्हा यादीत घातली, तर स्वतःची स्वतःशी जुळणीही आपोआप तपासली जाते.

प्रश्न : पक्षी वेगवेगळे ओळखण्यासाठी पायांत रंगीत कडी घालतात किंवा पाठीवर यंत्र बसवतात. त्यामुळे त्यांचे वर्तनच बदलत असेल तर?

उत्तर : बदलू शकते, आणि कधीकधी फारच. किंग पेंग्विनांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांच्या निरीक्षणांती, पंखाला धातूची पट्टी बांधलेल्या पेंग्विनांचा जगण्याचा दर पट्टी नसलेल्यांपेक्षा १६ टक्के-बिंदूंनी कमी आढळला आणि त्यांना पिलेही ३९ टक्के कमी झाली. पक्ष्याला पट्टीची हळूहळू सवय होते, हा समज त्यामुळे टिकला नाही. हवामानबदलाचा पेंग्विनांवरील परिणाम अशाच पट्ट्यांच्या नोंदींवरून काढला जात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निष्कर्षाचे गांभीर्य कळते.

रंगाबाबतची हकिगत याहून गुंतागुंतीची आहे. लाल कडी घातलेले झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्याचे नर माद्यांना अधिक आवडतात, असे नॅन्सी बर्ली यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले आणि ते पाठ्यपुस्तकांत गेले. पुढे इतर संशोधकांनी मोठ्या नमुन्यांवर तेच प्रयोग केले, तेव्हा कड्यांच्या रंगाचा असा परिणाम आढळला नाही. म्हणून मी असे करतो : कोणत्या पक्ष्याला कोणता रंग, हे चिठ्ठ्यांनी ठरवतो, तो रंग नोंदतक्त्यात वेगळ्या रकान्यात ठेवतो आणि शेवटी त्या रकान्याचा परिणाम तपासतो. यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांहून अधिक असू नये असा संकेत आहे, पण तो पाळला म्हणजे परवाना मिळाला असे समजू नये. आखूड पंखांच्या पोहणाऱ्या पक्ष्याला वजनापेक्षा पाण्याचा अडथळा अधिक नडतो. चोचीवरचा ओरखडा, तुटलेले नख, पिसांतला डाग अशा नैसर्गिक खुणांवरून ओळख पटत असेल, तर मी नेहमी तोच मार्ग निवडतो.

प्रश्न : आता संगणक आपोआप वर्तन ओळखतो म्हणतात. मग वही-पेन्सिलीची गरज राहिली का?

उत्तर : साधने खरोखरच उत्तम आहेत. चित्रफितीवर खुणा करण्यासाठी ‘बोरिस’ हे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. २०१८ मध्ये आलेले ‘डीपलॅबकट’ प्राण्याच्या शरीरावर खूण न करता नाक, कान, सांधे यांच्या जागा चित्रागणिक शोधून देते. मात्र ते देते बिंदूंच्या जागा. नाक दुसऱ्या प्राण्याच्या शेपटीपासून किती अंतरावर आणि किती वेळ राहिले म्हणजे ‘हुंगणे’ म्हणायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते. दुसरे असे, की सेकंदाला ३० चित्रे या वेगाने एका तासात १,०८,००० ओळी तयार होतात, आणि प्राणी तरीही एकच असतो. वरील विद्यार्थिनीची अडचण २४० नोंदींची होती; येथे ती लाखात जाते.

प्रश्न : क्षणनोंदी दर किती वेळाने घ्याव्यात? पंधरा सेकंद की पाच मिनिटे?

उत्तर : सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही, पण तो शोधण्याची पद्धत आहे. सुरुवातीला काही प्राण्यांच्या मिळून चार-पाच तासांच्या अखंड नोंदी घ्याव्यात, वर्तन सुरू झाल्याची व संपल्याची वेळ सेकंदांसह. मग त्याच नोंदींतून दर १५ सेकंदांचा, दर ३० सेकंदांचा, मिनिटाचा आणि पाच मिनिटांचा क्षण वेचून प्रत्येक वेळी टक्केवारी काढावी व ती अखंड नोंदींच्या टक्केवारीशी ताडून पाहावी. ज्या अंतरापर्यंत उत्तर फारसे हलत नाही, त्यांतले सर्वांत मोठे अंतर निवडावे, म्हणजे हात आणि डोळे थकत नाहीत. दोन-तीन सेकंदांत संपणारे वर्तन क्षणनोंदीत जवळजवळ सापडतच नाही. ते अखंड नोंदीनेच टिपावे.

वेळेचा इशारा कानात येऊ द्यावा, घड्याळाकडे पाहण्यात तो क्षण निघून जातो. इशारा झाला तेव्हा पक्ष्याची चोच दाण्यावर असेल तर ‘टिपणे’ लिहावे. मान वर आली असेल आणि तो सभोवार पाहत असेल, तर आधीच्या क्षणी त्याने दाणा गिळलेला तुम्ही पाहिला असला, तरी ‘टेहळणी’ लिहावे.